संत्र्याचं झाड, सुनेचा प्रबंध आणि माझा अजगर

"मामाजी, आकडा बोलू नका! किती डाव सांगू तुमाले, आकडा बोलू नका!"

ही आरोळी माझ्या सुनेची. संत्र्याच्या बागेत, झाडांच्या चार रांगा पलीकडून आलेली. तिच्या दणक्यानं बागेतले सगळे पोपट उठले आणि थेट वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात जाऊन बसले. नदी तिथून बरीच लांब आहे, पण पोपटांनी ते मनावर घेतलं नाही.

माझा गुन्हा एवढाच की एका झाडाखाली उभं राहून मी मोठ्यानं म्हणालो होतो, "अबब, तीन हजार तरी असतील की हो." शेजारी गावातले तीन जाणते गृहस्थ उभे होते. तिघांनी वर पाहिलं, माना डोलावल्या आणि त्यातला एक म्हणाला, "तीन हजाराले मरन नाई."

सुजाता कागदांचं पॅड छातीशी धरून आली. तिघांकडे बघून तिनं सुस्कारा सोडला.

"हे तिघं गेले, मामाजी."

"गेले कुठं? उभे आहेत की."

"माह्या कामातून गेले."

तिचं काम काय आणि त्यातून माणसं अशी उभ्या-उभ्या कशी जातात, हे कळायला तुम्हाला माझ्याबरोबर थोडं मागं, अकोल्याला यावं लागेल.

अकोला

मी इचलकरंजीचा. शाळेत पी.टी.चा मास्तर होतो. मी शिट्टी फुंकली की पंचगंगेपलीकडच्या शाळेतली पोरंसुद्धा रांगेत उभी राहायची, आणि तिथल्या हेडमास्तरांची दर वर्षी तक्रार यायची. आता निवृत्त आहे. मुलगा अकोल्यात बँकेत आहे, आणि सून तिथल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. अजून तासिका तत्त्वावर आहे; म्हणजे शिकवायचं पूर्ण प्राध्यापकाइतकं आणि नोकरी मात्र दर वर्षी नव्यानं मागायची. पीएच.डी. हाती आली तर कायम जागेसाठी तिचा अर्ज उभा राहणार होता. त्या पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा शुक्रवारी अमरावतीत होती, आणि ती ऐकायला मी अर्धा महाराष्ट्र ओलांडून आलो होतो.

दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडं या दिवसांत पहाटे कानटोपी लागते. अकोल्यात सकाळी नऊ वाजता मी सुपारी अंगणात ठेवली असती तर दुपारी ती भाजलेली मिळाली असती. सूर्य बाकीच्या महाराष्ट्रात नोकरीला जातो, पण बिऱ्हाड त्याचं अकोल्यात आहे, अशी माझी खात्री झाली. जेवायला ज्वारीची भाकरी, भरीत आणि ठेचा. आम्ही कोल्हापूरकडचे लोक तिखटाचा फार डौल मिरवतो. त्या ठेच्याच्या दुसऱ्या घासाला मी कोल्हापूरचं नाव मागं घेतलं आणि कढी मागितली.

आता सुनेबद्दल बोलतो, आणि इथं मी मुळीच वाढवून सांगणार नाही, कारण गरज नाही. सुजाता चांदूर रेल्वेची. वडील देवानंदराव तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांचं कपाट आहे, आणि पाहुण्याला आधी पुस्तक दाखवतात, मग पाणी देतात. बी.ए. तिनं गावातच केलं. एम.ए.ला रोज बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. त्या फलाटावर तिनं इतकं वाचलं, आणि शेजारी बसणाऱ्याला इतकं समजावून सांगितलं, की बडनेऱ्याच्या हमालांना मानसशास्त्राची निम्मी पदवी द्यायला हरकत नव्हती. विद्यापीठात पहिली आली. नेट पहिल्या झटक्यात. आमच्या घरात तिच्याआधी सगळ्यांत उंच पदवी माझी होती, बी.पी.एड.; ती मी चौकट करून दिवाणखान्यात लावली होती. आता ती न्हाणीघराच्या वाटेवर लावली आहे. मोकळी केलेली जागा मोठी आहे, कारण येणारी चौकट मोठी असणार.

तिचा विषय कागदावर 'बोधनिक पूर्वग्रह'. म्हणजे मन विचार करताना जिथं नेमानं घसरतं, त्या घसरड्या जागा. मला कळेना, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून शेंगदाण्यांची बरणी आणली.

"मामाजी, यात दाणे दोन हजारापेक्षा जास्त असतीन का कमी?"

"कमी."

"मंग किती?"

"दीड हजार," मी ठणकावून सांगितलं.

मग तिनं माझ्या मुलाला बाहेरून हाक मारली. तीच बरणी. "शंभरापेक्षा जास्त का कमी?" तो म्हणाला, जास्त, असतील तीनशे.

"दोन हजार काय न शंभर काय, मी हवेतून घेतले," ती म्हणाली. "तरी तुमी दोघं आपापल्या आकड्याभोवतीच फिरले. पुस्तकात याले जहाजाचा नांगर म्हनतात. मी खुंटा म्हनते. बैल खुंट्याले बांधला की दोर जाईन तितकाच चरते."

पी.टी.च्या मास्तराला सून बैल म्हणाली, आणि माझी छाती दोन इंच फुगली.

पण प्रबंधाच्या परीक्षकांनी आपल्या अहवालात एक प्रश्न टाकला होता, आणि तो तिच्या घशात अडकला होता. तिनं कॉलेजची मुलं आणि कचेरीतली माणसं तपासली होती. ज्यांचं पोटच नजरेच्या अंदाजावर चालतं, त्यांनाही हा खुंटा लागतो का? चांदूरकडं संत्री झाडावर असतानाच विकतात. व्यापारी येतो, हात पाठीमागं बांधून रांगांतून फिरतो आणि नजरेनंच माल ठरवतो. सगळं गाव त्या नजरेत मुरलेलं. सुजातानं ठरवलं होतं की शुक्रवारच्या आधी तिथं जाऊन छोटीशी तपासणी करायची, म्हणजे प्रश्न आला की हातात उत्तर असेल.

"मीही येतो," मी म्हणालो.

"मामाजी, तिथं चूप रावं लागते."

"चूप बसण्यात माझा हात धरणारा सगळ्या पश्चिम महाराष्ट्रात सापडणार नाही," मी म्हणालो, आणि हे वाक्य शेजारच्या दोन घरांत ऐकू गेलं.

चांदूर रेल्वे

बाग देवानंदरावांच्या जुन्या मित्राची. नाव वसंतभाऊ. काळी जमीन, कडेला कपाशी फुटलेली, तूर डोक्याएवढी, मध्ये संत्री. फळं अशी की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. वसंतभाऊंनी बागेत पाऊल टाकायच्या आधी आम्हाला चहा दिला, चहानंतर पाणी, पाण्यानंतर पुन्हा चहा. आमच्याकडं पाहुण्याला विचारतात, "चहा घेणार का?" इथं विचारत नाहीत. कप समोर येतो, आणि तुम्ही नको म्हणालात तर त्यात आणखी ओततात.

पद्धत साधी. एक झाड ठरवायचं. एकेका माणसाला तिथं न्यायचं. निम्म्यांना विचारायचं, "दोनशेपेक्षा जास्त का कमी?" आणि निम्म्यांना, "दोन हजारांपेक्षा जास्त का कमी?" मग त्याचा स्वतःचा अंदाज. खुंटा लागत असेल तर पहिल्यांचे अंदाज खाली येतील आणि दुसऱ्यांचे वर जातील. बस.

अट एकच, माणूस एकटा हवा. आणि वऱ्हाडात एकटा माणूस मिळत नाही. आमच्याकडं कुणाचं मत विचारलं तर तो तुम्हाला कोपऱ्यात घेऊन कुजबुजतो. इथं एकाला हाक मारली की चार येतात, आणि उत्तर चौघं मिळून देतात.

"काका, तुमी एकटेच या ना," सुजाता एकाला म्हणाली.

"अन हे?" त्यानं बरोबरच्यांकडं बोट दाखवलं. "यायले काय उन्हात ठेवू?"

"दोनच मिन्टं."

"कंटाळतीन ना बाप्पा."

त्या गोंधळातच माझ्या तोंडून ते तीन हजार निघाले आणि तिघं जाणते कामातून गेले. तेव्हा वसंतभाऊंनीच तोड काढली. "पोरी, तुह्या सासऱ्याले हिरीपाशी बसव. गोठी सांगतीन. मानसं तिथं बसतीन, तू एकेकाले बलाव."

सुजातानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लोक दूध उतू जायच्या आधी पातेल्याकडं बघतात. "सांगा, मामाजी. पन संत्र्याची गोठ नको. झाडाची नको."

"एक अक्षर नाही," मी म्हणालो. आणि वाचकहो, मी ते अक्षरशः पाळलं.

विहिरीजवळ मोटारीच्या खोलीच्या सावलीत बाज टाकली. गावातली बरीच नजरवाली मंडळी भोवती बसली, आणि मी सुरू झालो. आंबोलीच्या घाटात मला आडवा आलेला अजगर, चाळीस फूट. त्याच्या अंगावरून एस.टी. गेली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, इथं गतिरोधक कधी झाला.

"सर," वसंतभाऊ म्हणाले, "त्याचं डोकं आंबोलीत व्हतं, मंग शेपूट कुठीसा? बेळगावात?"

"शेपूट मी पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू."

"हे मातर खरं दिसते."

मंडळी हसली. माझ्या तर अंगात वारं शिरलं. मग आमच्या गावचा पैलवान, ज्यानं पैजेवर आठशे जिलब्या खाल्ल्या आणि नंतर विचारलं की जेवण कधी आहे. मग आमच्या शाळेची कबड्डी, तिला आलेली वीस हजार माणसं, आणि त्यांच्यासाठी शिजवलेला पाच हजार किलो भात. अधूनमधून सुजाता एकाचं नाव पुकारायची. तो नाइलाजानं उठायचा, उत्तर देऊन परत धावत यायचा आणि शेजाऱ्याला विचारायचा, "पैलवानाचं काय झालं?" इतके एकाग्र श्रोते मला साऱ्या नोकरीत मिळाले नव्हते. आमच्याकडं लोक थाप ऐकून घेतात. इथं ते थापेत भागीदारी मागतात. एका आजोबांनी तर माझ्या अजगराला आपल्या बाजूनं दहा फूट वाढवून दिले.

ऊन कलल्यावर सुजाता विहिरीच्या काठावर बसून उत्तरं बघू लागली. मी हात झटकत जवळ गेलो, शाबासकी घ्यायला. ती कागद पुन्हा पुन्हा उलटत होती.

"काय झालं?"

"पयले चार-पाच बराबर आहेत," ती म्हणाली. "दोनशेवाले खाली, दोन हजारवाले वर. मंग पुढं काय झालं हे? दोनशे सांगतलेला मानूस म्हनते, सहा हजार. हा नऊ हजार. एका झाडाले, मामाजी."

वसंतभाऊंचा आकडाही त्यातच होता, आणि तो फार उंच होता. तिनं त्यांना बोलावलं. "भाऊ, तुमी रोज हे झाड पाहता. इतके कसे म्हनले?"

वसंतभाऊ स्वतःच बुचकळ्यात पडले. झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "तवा मले कमीच वाटले व्हते, पोरी. वीस हजार मानसं न पाच हजार किलो भात ऐकून उठलो व्हतो ना. त्याच्यापुढं हे झाड म्हंजे काहीच नाई वाटलं."

मी संत्र्याचं नाव घेतलं नव्हतं, झाडाचं घेतलं नव्हतं. पण आकडे मात्र मी पोत्यानं ओतले होते, आणि सगळं गाव तिच्या खुंट्याचा दोर तोडून माझ्या अजगराला जाऊन बांधलं गेलं होतं.

"दुसरं झाड घेऊ," मी म्हणालो.

"मानसं तेच ना. आता सगळ्यायले माहीत झालं, मी काय इचारते." ती उठली. "परवा परीक्षक मॅडम हेच इचारतीन, अन माह्यापाशी उत्तर नाई."

त्या संध्याकाळी देवानंदरावांकडं रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, आणि सोबत वांग्याची भाजी. असं जेवण माणसाला जन्मात एकदा मिळतं, आणि मला ते नेमकं त्या दिवशी मिळालं ज्या दिवशी घास उतरत नव्हता. मी फक्त सातच खाल्ले. शेवटी मी तोडगा काढला.

"सुजाता, पहिले चार-पाच बरोबर आहेत ना? तेवढे ठेव. माझ्या श्रोत्यांचे टाकून दे. कुणाला कळतंय?"

देवानंदराव जेवताना थांबले. ते मोजकंच बोलतात. बोलायचं काम त्यांनी लेकीला दिलं आहे.

"मामाजी," ती म्हणाली, "मनाजोगतं जमा करायचं, अन नाई आवडत ते काढून टाकायचं. तीन वरसं मी हेच तं शिकून राहिली, की मानसं असं करतात. आता मीच करू?"

देवानंदरावांनी आपल्या ताटातला रोडगा तिच्या ताटात वाढला.

अमरावती

चांदूरहून अमरावतीची वाट पोहऱ्याच्या जंगलातून जाते. सागाची पानं एवढी मोठी की एका पानाखाली वरात उतरावी. पण गाडीत कुणीच माझ्या बोलण्यात भागीदारी मागितली नाही, म्हणून मीही वरात तिथंच सोडून दिली. शहरात शिरल्यावर सुजातानं गाडी थांबवली आणि सगळ्यांना गिला वडा खायला घातला. दह्यात भिजलेला वडा आणि वर मिरचीची चटणी. परीक्षा तिची, आणि घाम आम्हा दोघा बापांना फुटलेला. ती शांतपणे चमचा चाटत होती.

सभागृह भरलं होतं. तिच्या कॉलेजची मुलं अकोल्याहून आली होती. वसंतभाऊ स्वच्छ धोतरात आले होते आणि त्यांच्याबरोबर, अर्थातच, आणखी चौघं. बाहेरच्या परीक्षक पुण्याच्या एक बाई. आवाज इतका मऊ की त्या धमकी देताहेत की आशीर्वाद, हे वाक्य संपल्यावरच कळावं.

सुजाता उभी राहिली. पांढरी सुती साडी, सरळ पाठ. मी पोरांना आयुष्यभर 'सावधान'मध्ये उभं राहायला शिकवलं, पण ते असं असतं हे मला त्या दिवशी कळलं. तासभर ती बोलली. मला कळलं ते सगळं मला कळलं, आणि जे कळलं नाही त्यालाही मी मान डोलावली.

"तुम्ही प्रबंधात सगळीकडं 'खुंटा' लिहिलंय," बाई म्हणाल्या. "रूढ शब्द वेगळा आहे. का?"

"रूढ शब्द जहाजाचा आहे, मॅडम. आमच्याकडं समुद्र नाही. बैल आहे."

वसंतभाऊंच्या रांगेत खसखस पिकली. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग तो प्रश्न आला. ज्यांची नजर तयार आहे, त्यांनाही खुंटा लागतो का?

माझ्या मानेवरून घामाची एक धार निघाली ती थेट बुटात गेली.

"मला माहीत नाही," सुजाता म्हणाली. "उत्तर शोधायला मी परवा एका बागेत गेले होते. तपासणी बिघडली. थांबलेल्या लोकांना कुणीतरी गोष्टी सांगत होतं, आणि त्या गोष्टींत मोठमोठे आकडे होते. नंतरचे सगळे अंदाज त्या आकड्यांमागं गेले."

"कोण सांगत होतं?"

"माझे सासरे. तिसऱ्या रांगेत बसलेत."

सगळं अमरावती वळून माझ्याकडं बघू लागलं. मी उठून नमस्कार केला. काय करणार, सवय आहे.

"म्हणजे अनुभवी माणसांनाही खुंटा लागतो, हेच सिद्ध झालं की," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

"नाही, मॅडम. तसं वाटतं. पण कुणी किती ऐकलं, कोण अर्ध्यावर उठलं, हे मी ठरवलं नव्हतं. ती तपासणी फक्त शंका घ्यायला पुरेशी आहे."

"मग बिघडलेली उत्तरं वगळून पहिली तेवढी का नाही घेतली?"

"वगळता आली असती. पण कोणती वगळायची हे मी उत्तरं बघून ठरवलं असतं." पुढचं वाक्य तिच्या घरच्या बोलीत आलं. "मंग खुंटा मलेच लागला असता."

बाईंनी चष्मा काढला. इतका वेळ मऊ असलेला तो आवाज आणखी मऊ झाला. "माझ्या प्रश्नाचं हेच उत्तर मला हवं होतं, असं मी म्हणणार नाही, कारण मलाही हे आत्ताच कळलं."

परीक्षक आत गेले आणि बाहेर आले. पदवीची शिफारस झाली. टाळ्यांचा कडकडाट असा झाला की पोहऱ्याच्या जंगलातले मोर पाऊस आला समजून नाचायला लागले. देवानंदराव खुर्चीतून उठले नाहीत. ते नुसते हात जोडून बसले होते. वसंतभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बरोबरच्या चौघांना बजावलं, "आपल्या चांदूरची आहे. डॉक्टर सुजाता म्हना आता." माझ्याबद्दल सांगायचं तर मी रडलो नाही. मी पी.टी.चा मास्तर आहे. फक्त माझी शिट्टी कशी कोण जाणे खिशातून तोंडात आली आणि वाजली, आणि कॉलेजची सगळी पोरं रांगेत उभी राहिली.

बाहेर आल्यावर मी जो भेटेल त्याला सांगत होतो की प्रबंधाच्या इतिहासात सासऱ्याचं योगदान इतकं ठळकपणे प्रथमच नोंदलं गेलं. सुजाता तोवर वसंतभाऊंशी बोलत होती. मृगाच्या बहाराची दुसरी बाग, दुसरं गाव, नवी माणसं. तपासणी पुन्हा करायची, नीट. पदवी अजून कागदावर यायची होती, आणि ही पुढच्या कामाला लागलेली.

"कधी जायचं?" मी मध्ये घुसलो.

"फेब्रुवारीत."

"गाडीनं?"

"व्हय."

"कोण कोण?"

"मी न बाबा."

"मग मागची सगळी सीट रिकामीच की."

तिनं माझ्याकडं पाहिलं. प्रेमानं पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो.

"नाई, मामाजी," ती म्हणाली. "जागा नाई."